उशीर कुणाचा?

मी एक जुनी पेटी आहे, आणि स्वभावाने संशयी. टेलिफोन केंद्राच्या गार खोलीत बसून मी बत्तीस घरांना इंटरनेटच्या पाळ्या देते. मित्रांनो, केसाएवढी काचेची तार एकच आणि तिच्यावर बोलणारे बत्तीस! ज्याला त्याला आपलंच काम तातडीचं. विश्वास ठेवायचा कुणावर? नियम असा, की फाइल थांबू शकते, बोलणं थांबू शकत नाही. म्हणून ज्यावर 'बोलणं' अशी खूण असेल, त्याला मी आधी सोडते.

नवी होते तेव्हा माझं फार कौतुक झालं. आता नेट अडकलं की लोक आधी माझ्याच नावाने बोटं मोडतात.

त्या बत्तिसांत शिवणकाम करणाऱ्या एक काकू होत्या. मुलगा परदेशी नोकरीला. त्याची खोली त्यांनी तशीच ठेवली होती, पण एक शिक्षिका ती भाड्याने मागत होती. काकू रोज संध्याकाळी इंटरनेटवरून फोन लावून मुलाला विचारत, "परत येणार ना रे तू? का देऊन टाकू खोली?"

मग शांतता. मग, "येणार गं आई."

"हो म्हणायला एवढा वेळ?" काकू फोनवर बहिणीला म्हणाल्या. "कुठंतरी पाणी मुरतंय बघ."

मलाही संशय होता, पण काकूंच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या फोटोवाल्याचा. नेमक्या त्याच वेळी त्याच्याकडून 'बोलणं' अशी खूण लावलेले माहितीचे ढीगच्या ढीग यायचे. एवढं बोलतंय तरी कोण? पण खूण होती, पाळी द्यावीच लागे. त्यात काकूंचा प्रश्नच उशिरा निघे, मग उत्तर वेळेवर कुठून येणार?

शेवटी काकूंनी केंद्रात तक्रार केली, की मुलाचं उत्तर फार उशिरा येतं, लाइन तरी बघा. केंद्रातल्या तंत्रज्ञ बाईंनी माझी तपासणी केली आणि फोटोवाल्याला फोन लावला.

"अहो, व्हिडिओच्या फाइलींवर बोलण्याची खूण लावून पुढे घुसता होय?"

"गिऱ्हाईक खोळंबतं हो माझं!"

"आणि खालच्या काकूंचं काय?" बाईंनी ती खूण काढली आणि काकूंना कळवलं, "दोष लाइनचा होता. पोरावर संशय घेऊ नका."

"माझंच मन वाईट!" काकू हसल्या.

संध्याकाळी त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी तो क्षणात पुढे पाठवला. उत्तर येईना. माझ्याकडे काहीच अडकलं नव्हतं. ती शांतता त्याची होती.

"येईन की... बघू," तो म्हणाला.

"बरं," काकू हळूच म्हणाल्या. "देते मग खोली."

मला फार वाईट वाटलं. मित्रांनो, खोटी खूण लावून रांगेत घुसू नका, माझ्या तारेला जपा. आणि आईने काही विचारलं, तर खरं असेल ते लगेच सांगा. तुमच्या उशिराचं खापर दर वेळी माझ्यावर फुटणार नाही.