कुरवांचं अंथरूण

मीरासाहेब मूळचा दाभोळचा. आकुर्डीच्या एका कारखान्यात फिटर होऊन त्याला बारा वर्षं झाली होती. तरी थंडीत पवना नदीवर गावाकडच्या समुद्रावर दिसणारे कुरव पक्षी उतरले की घरी आल्या आल्या तो बायकोला, नूरबीला, तीच बातमी आधी सांगायचा.

१९७८च्या डिसेंबरात नाल्यातून नदीत काळं तेल आलं. कुठून, ते कुणीच कबूल करेना. काठाच्या चिखलात नऊ कुरव फडफडत होते, पंख तेलानं चिकटलेले. मीरासाहेबानं ते पोत्यात घालून घरी आणले. नूरबीनं साबणाच्या कोमट पाण्यात एकेक धुतला. मागच्या पत्र्याच्या खोपटात ऊब राहावी म्हणून त्यानं पेंढ्याचं जाड अंथरूण केलं, फटी गोणपाटानं बुजवल्या. दिवाळीनंतरच्या पावसात भिजलेला तो पेंढा अजून दमट होता, कुबट वास मारत होता.

आठवडाभर पक्षी मासळीवर तुटून पडले. मग एकानं मासा टाकला. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला, श्वासागणिक शेपटी खालीवर. सकाळी मेला. पाठोपाठ आणखी दोन. गारठा बाधला असेल म्हणून मीरासाहेबानं अजून पेंढा घातला.

चौथा मेल्यावर त्याला घेऊन मीरासाहेब जनावरांच्या डॉक्टरांकडे, यशवंतरावांकडे गेला. त्यांनी छाती उघडली. आतल्या पातळ पडद्यांवर हिरवट करडी बुरशी पसरली होती, शिळ्या भाकरीवर धरते तशी.

"कशावर ठेवलेत?"

"पेंढ्यावर, साहेब."

"ओलसर होता?"

"पावसात भिजला होता."

"त्यातली बुरशी श्वासावाटे आत गेली. मोकळ्या वाऱ्याचे पक्षी हे, त्यांना नाही सोसत."

"औषध?"

"माझ्याकडे नाही."

घरी येऊन त्यानं सगळा पेंढा उपसला, गोणपाटं ओढून काढली, उरलेले पाच उन्हात ठेवले. चार दिवसांत चार गेले. शेवटच्याला मांडीवर घेऊन तो अंगणात बसला. छातीतली घरघर तळव्याला कळत होती.

"तेलातून काढून मीच मारलं, नूरबी."

"तुम्हाला काय ठाऊक होतं?" ती म्हणाली, पण त्याच्याकडे न बघता.

दुपारी घरघर थांबली.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेल आलं. पुलावरून त्याला चिखलातली फडफड दिसली. कठडा धरून तो घटकाभर उभा राहिला, आणि शिफ्टला निघून गेला.