खाचराची दुमड

उरलेली जागा: अख्खं खाचर.

जावई शिंपी होता. घराची पुढची खोली भाताच्या पोत्यांनी गळ्यापर्यंत भरलेली, त्यामुळे त्याचं शिलाई मशीन न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून दिवसभर शिंतोडे खात होतं. सासूबाईंनी अट घातली: लहान खाचर एकट्याने लावा, एकही रोप तुडवू नका, मग पोती हलतील. एवढं बोलून त्या भात भरडायला गिरणीवर गेल्या. लावणी कुठून कुठे करत न्यायची, हे त्यांनी सांगितलं नाही. ते माहीत नसलेला माणूस त्या घराने आजवर पाहिलाच नव्हता.

उरलेली जागा: दोन खाटा.

शिंप्याने शिंप्यासारखंच केलं. कडेने दुमड घातली. बांधालगत चारी बाजूंनी एक फेरा, त्याच्या आत दुसरा, मग तिसरा. चिखलात रोपं अशी एका रेषेत उभी, की त्याला स्वतःचाच हेवा वाटला.

उरलेली जागा: एक बसायचा पाट.

इथे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. उशिरा पडला.

उरलेली जागा: दोन पावलं, त्यातलं एक उचललेलं.

बायको बांधावर आली, तिने पाहिलं आणि तोंडात पदर कोंबून खाली बसली. उडी मारू का, त्याने विचारलं. मारा की, ती म्हणाली, तुमचीच पेरणी होईल. मग फळी टाक, तो म्हणाला. फळीखाली रोपं काय छत्री धरणार आहेत, असं तिचं म्हणणं पडलं. तेवढ्यात एक बगळा बांधावर उतरला आणि एका पायावरच्या शिंप्याकडे जाणकार नजरेने बघू लागला.

सासूबाई आल्या.

"ओळी झकास आहेत, जावईबापू. आत कुणाला कोंडायचं होतं?"

तो खोलीचं काहीतरी पुटपुटला.

"ते नंतर. बांधाकडे पाठ करा. मागचं उपटा, मागे सरका, तेच पुढे लावा."

उपट. सरक. लाव. उपट. सरक. अगं आई गं. लाव.

बांधाला टाच टेकली तेव्हा खाचरात एकही रोप वाकलेलं नव्हतं. सासूबाई चारी बाजूंनी फिरून आल्या. खोट सापडेना, तशा त्या जरा खट्टूच झाल्या.

"पोती हलवते," त्या म्हणाल्या. "पण खोलीत मशीन मी मांडणार. तुम्ही ते दारातच मांडाल आणि आत अडकून बसाल."