रऊदाचे मंगळवार

महदिया शहरातल्या समुद्रकाठच्या त्या तीनशे खोल्यांच्या हॉटेलात रऊदा तिसऱ्या मजल्यावर हसली की तळघरातल्या लॉन्ड्रीत बायका माना वर करायच्या. अकरा वर्षं ती तिथे खोल्या आवरत होती. त्यातली शेवटची चार वर्षं दोन मजल्यांची मुकादम म्हणून. आणि मार्चमधल्या एका दुपारी, तोंडात ट्यूना मासा आणि हरिसाची तिखट चटणी भरलेला तळलेला पाव असताना, ती आपल्या मैत्रिणीला, हयातला, म्हणाली, "मला मॅडम जलीलाची खुर्ची हवी."

"कुठली? ती चाकांची? तिचं एक चाक मोडलंय."

"खुर्ची म्हणजे जागा गं, येडे!"

हयातला ठसका लागला. मॅडम जलीला म्हणजे साऱ्या हाउसकीपिंगची प्रमुख. सव्वीस वर्षांत तिनं कधी आवाज चढवला नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती. तिच्या टाचांची टकटक जिन्यात ऐकू आली की उशासुद्धा आपोआप सरळ होतात, असं बायका म्हणत. ऑक्टोबरात ती निवृत्त होणार होती.

"तुला कोण विचारणार?" हयात म्हणाली.

"अकरा वर्षं मी त्याचीच वाट बघितली की कुणीतरी येऊन विचारेल. कुणी विचारत नसतं, बहिणी. पाहुण्यांनासुद्धा जास्तीचा टॉवेल मागावा लागतो."

बोलून झाल्यावर रऊदाला स्वतःचीच गंमत वाटायला लागली. तिनं लॉन्ड्रीच्या एका जुन्या यादीच्या पाठीवर आपल्याला काय काय येतं ते लिहिलं, आणि खाली, काय येत नाही तेही: पाळ्या लावणं, मालाची मागणी काढणं, संगणक, आणि वरिष्ठांसमोर न खिदळता उभं राहणं. कागद खिशात कोंबून ती त्याच दुपारी मॅडम जलीलाच्या दारात गेली आणि तो तिच्यापुढे धरला.

"मॅडम, तुम्ही गेल्यावर तुमची जागा मला हवी आहे. हे मला येत नाही, ते शिकायचंय. आठवड्यातला एक दिवस मला तुमचं काम करू द्या."

जलीलानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सव्वीस वर्षांत माझ्या तोंडावर हे कुणी म्हटलं नाही. पाठीमागे म्हटलं असेल."

"पाठीमागे म्हटलेलं तुम्हाला ऐकू कसं जाणार, मॅडम?"

जलीलानं तो कागद घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. "मंगळवार घे," ती म्हणाली. "मंगळवारी मला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं असतं."

सोमवारी संध्याकाळी रऊदा घरी आरशासमोर उभी राहून ओठ घट्ट मिटायचा सराव करत होती. तिचा नवरा नाजी, मासेमारीच्या जाळ्याचा गुंता सोडवता सोडवता दारातून डोकावला आणि हळूच म्हणाला, "कोण गेलं गं?"

"कुणी नाही. हा साहेबिणीचा चेहरा आहे."

"मग दार लावून घे. मांजर खाटेखाली जाऊन बसलंय."

मंगळवारी ती नणंदेचे उंच टाचांचे बूट आणि काळा कोट घालून हॉटेलात आली. निकाल वाचून दाखवावा तसं तिनं सगळ्यांना "सुप्रभात" म्हटलं. दारांवरून बोट फिरवून धूळ बघितली. कुणाची चौकशी नाही, थट्टा नाही, आणि हसणं तर नाहीच नाही. आतून तिला इतकं हसू येत होतं की गालाची आतली बाजू चावून चावून दुखायला लागली होती. पण जमतंय की आपल्याला, असं म्हणत ती टकटक करत पुढे जात राहिली.

साडेनऊला दुसऱ्या मजल्यावर एकीनं दुसरीला विचारलं, "रऊदाला काय झालंय?" दहा वाजता चादरींच्या खोलीत ठरलं की तिला काहीतरी कळलंय आणि सांगायची बंदी आहे. साडेदहाला स्वयंपाकघरात हॉटेल विकलं गेलं होतं. अकराला ते कुठल्याशा परदेशी कंपनीनं घेतलं होतं आणि ती सगळं पाडून टाकणार होती. बागेतले म्हातारे माळी अम बेशीर, म्हणजे सगळ्यांचे बेशीरकाका, कुदळ घेऊन आले आणि स्वतःच्या घरून आणून लावलेली जिरेनियमची रोपं एकेक करून उपटायला लागले. "ही माझी आहेत," ते कोणी न विचारताच सांगत होते, "कंपनीला नाही मिळायची." हयात उशांचे अभ्रे घडी करता करता त्यांनाच डोळे पुसत होती. शेवटी पोहण्याच्या तलावाजवळचं एक म्हातारं परदेशी जोडपं आत येऊन विचारू लागलं, की हॉटेल बंद होतंय तर आमच्या सप्टेंबरच्या खोलीचं काय?

तेव्हा कुठे मॅनेजर सी लुत्फींना, म्हणजे लुत्फीसाहेबांना, बातमी लागली. त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या दालनात गोळा केलं.

"हे कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

यानं तिच्याकडे बोट केलं, तिनं त्याच्याकडे, आणि फिरत फिरत सगळी बोटं रऊदावर येऊन थांबली.

"मी?" रऊदा ओरडली. "मी तर सकाळपासून तोंडच उघडलं नाही!"

"तेच तर!" सगळे एकदम ओरडले.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "सी लुत्फी, हॉटेलला काही झालेलं नाही. मी... मी मॅडम जलीला व्हायचा प्रयत्न करत होते."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. कारण दारात, औषधांची पिशवी हातात घेऊन, डॉक्टरकडून परतलेली मॅडम जलीला उभी होती.

"आणि मी अशी दिसते?" तिनं विचारलं.

"नाही मॅडम. तुम्हाला हे शोभतं."

जलीलाच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. कुणाला वाटलं तिला उचकी लागली, कुणाला वाटलं रडू फुटलं. ती हसत होती. मग रऊदाला आवरेना, तिचा सकाळपासूनचा साठा एकदम बाहेर आला, आणि पाच मिनिटं त्या दालनात कुणालाच काही बोलता आलं नाही. अम बेशीर फक्त पुन्हा पुन्हा विचारत होते, "म्हणजे रोपं परत लावू?"

नंतर आपल्या खोलीत जलीलानं दार लोटून घेतलं. "एक सांगते, कुठे बोलू नकोस. मी लाजाळू आहे, रऊदा. लहानपणापासून. चार माणसांत गेले की काय बोलावं ते सुचत नाही. म्हणून टाचा वाजवत येते. बायकांना कळतं मी येतेय, त्या सावरून घेतात, मला कुणाला रागवावं लागत नाही. ते माझं सोंग नाही, माझी सोय आहे. तू कशाला माझ्यासारखे बूट घालतेस? तुला तर माणसांशी बोलता येतं."

पुढच्या मंगळवारी रऊदा आपल्या सपाट चपलांत आली. प्रत्येकीला तिनं एकच गोष्ट विचारली: कुठलं काम नकोसं वाटतं? तेव्हा कळलं की साठीच्या मबरूकाला कंबरेमुळे पलंग ओढवत नाहीत आणि ती वर्षानुवर्षं गप्प आहे. आणि दोन नव्या पोरींना एकट्यानं खोल्या करायची भीती वाटते. रऊदानं जोड्या लावल्या. मे महिन्यात खोल्या पाऊण तास आधी व्हायला लागल्या, आणि त्या पाऊण तासात ती संगणक शिकली. पहिल्यांदा पाळ्यांचा तक्ता पुसून टाकला, दुसऱ्यांदा साबण दहापट मागवला, तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा तिनं खोलीत एकटीनंच गिरकी घेतली.

सगळंच काही गोड नव्हतं. जूनमध्ये हयात लागोपाठ तीन मंगळवार उशिरा आली. मंगळवारी मैत्रीणच प्रमुख, मग घाई कशाला! रऊदा दोन दिवस टाळत राहिली. तिसऱ्या दिवशी लॉन्ड्रीच्या मागे तिला गाठलं.

"हयात, तू उशिरा येतेस तेव्हा तुझ्या खोल्या मबरूका करते. कंबर धरून करते. मी बघितलंय."

"झालीस का साहेबीण?"

"अजून नाही. पण व्हायचंय मला. आणि तुला हसून सोडून देऊन मला नाही व्हायचं."

हयात चार दिवस बोलली नाही. त्या चार दिवसांत रऊदाला पाव गोड लागला नाही. पाचव्या दिवशी पावणेसातलाच हयात दारात हजर, हातात कागदात गुंडाळलेली ब्रीक नावाची गरम तळलेली करंजी, आतलं अंडं अजून ओघळतंय. "धर," ती म्हणाली, "आणि माझ्यासमोर खा. नाहीतर वाटेल मी लाच दिली."

सप्टेंबरात मुलाखती झाल्या. राजधानी ट्यूनिसहून एक बाई मुलाखतीला आली होती, सात प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून. रऊदाकडे तिचा तो मळका कागद होता, खालच्या यादीतली शेवटची ओळ, ती न खिदळण्याची, सोडून बाकी सगळं खोडलेला. समोर सी लुत्फी आणि ट्यूनिसहून आलेल्या मालकीणबाई बसल्या होत्या.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मालकीणबाईंनी विचारलं.

"सी लुत्फींच्या जागी," रऊदा म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिच्या कानांपर्यंत पोचायला एक क्षण लागला. मग तिला हसू फुटलं. तिनं कोटाची बाही तोंडात कोंबली, उपयोग झाला नाही. तिच्यासाठी ठेवलेलं पाणी सी लुत्फींनी स्वतःच पिऊन टाकलं.

"आणि या वर्षातली सगळ्यात मोठी चूक?" मालकीणबाईंचे ओठही थरथरत होते.

रऊदानं पहिल्या मंगळवाराची सगळी गोष्ट सांगितली, अम बेशीरांच्या रोपांसकट. नंतर हयातबद्दलही सांगितलं, आणि ते सांगताना मात्र ती हसली नाही.

दोन दिवसांनी, दुपारी चार वाजता, लॉन्ड्रीतला फोन वाजला. मबरूकानं उचलला, ऐकला, आणि काही न सांगता सरळ जीभ हलवून लग्नातल्यासारखी ललकारी ठोकली. दुसरीनं सूर धरला, तिसरीनं. वाफेच्या इस्त्र्या बंद झाल्या. "मिळाली?" रऊदा विचारत होती, "मला? नक्की मला?" आणि बायका उत्तर द्यायच्या ऐवजी तिला ढकलत, ओढत, बागेतून, अम बेशीरांच्या "अरे वाफे तुडवू नका!" मधून, थेट वाळूवर घेऊन गेल्या. गणवेशासकट अकरा जणी पाण्यात शिरल्या. खुर्च्यांवरचे पाहुणे उठून टाळ्या वाजवायला लागले, काय चाललंय ते न कळताच.

रऊदा कंबरभर पाण्यात उभी होती. तिचा निळा झगा फुगून भोवती तरंगत होता. हयातनं तिच्या गळ्यात हात टाकला आणि कानाशी ओरडली, "आता उद्या काय करायचं, ते सांग!"

"पहिलं काम म्हणजे," रऊदा म्हणाली, आणि तेवढ्यात एक लाट आली, दोघींना उचलून तिनं काठावर आणून आपटलं, आणि तोंडातलं खारं पाणी थुंकत, केस डोळ्यांवरून बाजूला करत रऊदानं वाक्य पुरं केलं, "सगळ्यांचे गणवेश धुवायला टाकायचे."