डाव्या डोळ्यातला ठिपका

"मी न्हाय घालणार ते डबडं," काळूराम म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

वडपे गावच्या गोदामात त्या सकाळी सगळ्या फोर्कलिफ्टवाल्यांचं व्हीआरवर ट्रेनिंग होतं. डोळ्यांवर काळा डबा बांधला की समोर खोटं गोदाम उभं राहायचं. त्यात खोटी गाडी हाकायची, वरून खोकी कोसळली तर वाचायचं. आधीचे दोघे खुर्चीत बसल्या बसल्या ओरडले होते आणि बाकीचे पोट धरून हसले होते.

शिकवत होती ती मेघाली, काळूरामचीच मुलगी. डिप्लोमा करून चार महिन्यांपूर्वी इथेच सेफ्टीत लागलेली. तिचं हे पहिलंच ट्रेनिंग.

"बाबा, दहा मिनिटांचं काम आहे."

"मना चक्कर येतं."

"काका भुताला घाबरतात!" मागून कोणीतरी ओरडलं.

सुपरवायझर विपुलने घड्याळ पाहिलं. "मेघाली, तुझ्या घरचेच ऐकत नाहीत, मग बाकीच्यांना मी काय सांगू?"

पोरीचा चेहरा उतरला. काळूरामने तो पाहिला आणि हात पुढे केला. "दे."

एकोणीस वर्षांचा असताना नारपोलीच्या लूमवर, कापडाच्या कारखान्यात, मागाचा धोटा उडून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला होता. डोळा वरून शाबूत राहिला, उजेड तेवढा गेला. ठाऊक होतं फक्त बायकोला, मैनाला. परवान्याच्या तपासणीत उजवा डोळा झाकताना त्याने बोटांत फट ठेवली होती. नंतर चौदा वर्षं मान सतत फिरवत त्याने गाडी चालवली. एका खोक्याला पोचा पडू दिला नाही. त्या पगारावरच मेघाली शिकली.

आता डब्याच्या आत प्रत्येक डोळ्यासमोर वेगळा पडदा होता, मान फिरवून काही उपयोग नव्हता.

"आधी डोळ्यांची तपासणी," मेघाली म्हणाली. तिच्यासमोरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना सगळं दिसत होतं. "लाल ठिपका दिसला की सांग."

उजव्या डोळ्यासमोर ठिपका आला. "दिसला."

"आता डावा."

अंधार होता. काळूरामने मनात पाच आकडे मोजले. "दिसला."

"बाबा, अजून आलाच नाही."

कोणीतरी हसलं. मग पडद्यावर ठिपका आला, लालभडक, आणि तसाच राहिला. खुर्चीतला बाप अजून त्याची वाटच बघत होता. त्याने गुडघे घट्ट धरले होते.

मेघालीने स्वतःच्या हातांनी डबा उतरवला. "कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"तू व्हायच्या आधीपासून."

"आणि त्या बाजूला एखादा माणूस आला असता तर?"

हाच प्रश्न तो चौदा वर्षं रोज सकाळी गाडीवर चढताना स्वतःला विचारत आला होता.

तिच्या हातातल्या टॅबवर निकालाचा रकाना उघडाच होता. तिचं बोट काही हलेना.

"लिव," काळूराम म्हणाला. "खरं हाय ते लिव. तुझी नोकरी हाय."

तिने लिहिलं. विपुलने नजर चुकवत गाडीची चावी मागितली. "पॅकिंगला बघू काहीतरी, काका."

दुपारी काळूराम गेटबाहेर कठड्यावर बसला होता. समोरून हायवेचे ट्रक जात होते. मेघाली बाहेर आली, त्याच्या डावीकडे अगदी हातभर अंतरावर उभी राहिली. तो रस्त्याकडेच बघत राहिला. ती रडत होती, तरी त्याची मान वळली नाही. ट्रकांच्या आवाजात काही ऐकूही येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं, वळसा घालून उजवीकडे आली आणि शेजारी बसली.

"कवा आलीस?"

"आत्ताच," ती म्हणाली.