उत्तरेच्या वाऱ्याचं नाव

“पोरी, इकडे ये. तू नुकुनोनूची ना गं?”

म्हातारा फालानिको उशीवरून मान उचलून विचारत होता, तेही घरच्या भाषेत. सालोतेनं हातातला पेला खाली ठेवला. शेजारच्या खाटेची चादर बदलणारी फेतू कान टवकारून उभी राहिली.

“नाही हो आजोबा,” सालोते सामोअन भाषेत म्हणाली. “मी इथलीच, अपियाची. तुमची बोली मला येत नाही.”

धडधडीत खोटं. नुकुनोनू बेटाच्या वाळूवरच ती चालायला शिकली होती. तिथल्या बोलीत तिला हालोते म्हणत. पण या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला आली, त्याच आठवड्यात परदेशी डॉक्टरांनी एका मुलाची पाठ सगळ्यांना दाखवली. कड्यांत कडी, खवलेच खवले. “हा टोकेलाऊ,” ते म्हणाले. इंग्रजीत त्या नायट्याला तेच नाव पडलं होतं. तिच्या बेटांचं नाव! तोकेलाऊ म्हणजे उत्तरेचा वारा, हे इथं कोण सांगणार? “बाई गं,” बरोबर शिकणारी फेतू खिदळली होती, “तिकडची कुणी आली तर मी नाही तिच्या ताटात जेवायची!” सालोतेही हसली. त्या दिवसापासून ती अपियाची झाली.

आता फेतूनं म्हाताऱ्यालाच विचारलं, “काय हो, ही तुमच्याकडची वाटते का?”

फालानिकोनं सालोतेकडे बराच वेळ पाहिलं.

“छे! आमच्या पोरी कुठल्या एवढ्या लांब यायला? डोळे गेलेत माझे.”

त्यानंतर तो तिच्याशी घरच्या भाषेत बोलला नाही. पाणी मागायचा तेही चर्चमधल्या जड सामोअनमध्ये. मात्र दुपारी भिंतीकडे तोंड करून पुटपुटायचा. होडीला भोक पडलंय, डुकराला कुणी खायला घाला. सालोतेला शब्द न् शब्द कळायचा. एकदा तो भिंतीला म्हणाला, “अरे, कुणी ओ तरी द्या.” ती पुढे झाली. दारात फेतू होती. उद्या बोलू, फेतूची सुट्टी आहे, असं ठरवून सालोतेनं नुसतीच चादर सारखी केली.

सकाळी खाट रिकामी होती.

महिनाभरानं बेटांवरून जहाज आलं. फालानिकोची मुलगी लेपेका टोपली घेऊन दवाखान्यात आली आणि बातमी ऐकून पायरीवरच बसली. मोडक्यातोडक्या सामोअनमध्ये तिनं विचारलं, “त्यांच्यापाशी होतं का कुणी?”

फेतू तिथंच उभी होती.

“मी होते, ताई,” सालोते घरच्या भाषेत म्हणाली.

फेतू वळून पाहतच राहिली. लेपेकानं मात्र सालोतेला कवटाळलं.

“अगं, तू आपली! म्हणजे बाबा एकटे नाही गेले. देवच पावला. बोलायचे ना तुझ्याशी? बडबड केल्याशिवाय घास उतरायचा नाही त्यांना.”

खरं सांगायला सालोतेनं तोंड उघडलं. समोरचा चेहरा किती निवला होता.

“बोलायचे,” ती म्हणाली.

लेपेकानं डोळे पुसून टोपली पुढे ओढली. पानात गुंडाळलेला सुका मासा काढला.

“त्यांच्यासाठीच आणला होता. आता तूच खा.”

ती काटे काढून एकेक तुकडा सालोतेच्या हातावर ठेवू लागली. घशाखाली उतरत नव्हता, तरी सालोते खात राहिली.

“घे गं, अजून घे,” लेपेका म्हणाली.