साळूची झूल

कळवणच्या अलीकडे, गिरणाकाठच्या माळावर जत्रेत शर्यत होते ती फक्त घोड्यांमधल्या माद्यांची. नरांना तिथं मज्जाव. पूर्वी म्हणे गावच्या लेकी बापाच्या घोडीवर बसूनच माहेरी यायच्या. म्हणून गाव घोडीलाही माहेरवाशीण मानतं. पहिल्यांदा धावणाऱ्या शिंगरीच्या, म्हणजे घोडीच्या तरण्या लेकीच्या, पाठीवर स्वार नसतो. तिच्या आईला शेवटच्या रेषेपलीकडे उभं करतात, ती आईकडं धावतेच, मग हाकायची गरजच काय? जिंकली की शिंगरीला गुलाल, आणि ओटी मात्र तिच्या आईची.

एकेकाळी माळ घोड्यांनी फुलायचा. आता चार घरं उरली होती आणि त्यात धोंडीरामचं सगळ्यात जुनं. एक साल चुकलं की घराचा मान गेला, हा तिथला कायदा. यंदा त्याची मैना पहिल्यांदा धावणार होती, आणि नेमकी तिची आई साळू महिन्यापूर्वी पोटशूळ उठून गेली. धोंडीराम तेव्हा लेकरासारखा रडला होता. पण हट्टाला पेटलेला माणूस अक्कल गहाण टाकतो, तसं त्याचं झालं.

पुतण्या संतोष पिंपळगावात वरातीसाठी घोडी भाड्यानं द्यायचा. ती टेंपोतून आली. रंगानं हुबेहूब साळू.

"वरून साळूची झूल टाका काका, कुणाला कळतंय?" संतोष म्हणाला.

ती झूल धोंडीरामनं धुतली नव्हती. साळूचा वास तिच्यात तसाच होता.

"मुक्या जिवाला कशापायी फसवता?" लंकाबाई नवऱ्याला म्हणाली.

"एकदाच गं. बापजाद्यांचा मान हाय."

दोर सुटला आणि मैना सुसाट निघाली. बाकीच्या शिंगऱ्या पार मागं राहिल्या. माळावर एकच ओरडा झाला, गुलाल उधळला. मैनानं थेट झुलीत तोंड खुपसलं. क्षणभर ती तशीच उभी राहिली, मग तिनं घोडीची मान हुंगली आणि झटक्यात मागं सरली. पुन्हा झूल हुंगली, पुन्हा मागं सरली. मग नदीकडं तोंड करून ती खिंकाळली.

लोक त्याला खांद्यावर घ्यायला धावले. लंकाबाई मात्र खण, गहू, नारळाचं ताट घेऊन उभी होती.

"ओटी कुणाची भरू?" तिनं विचारलं.

धोंडीरामनं घोडीवरची झूल ओढून काढली. "आमची शिंगरी जिंकली नाय," पंचांना एवढंच म्हणाला आणि चालू लागला.

साळूला पुरलं होतं त्या नदीकाठच्या बाभळीखाली लंकाबाईनं खण आणि गहू मातीवर ठेवले, नारळ ठेवला. धोंडीरामनं झूल पसरली. मैना मागोमाग आली होती. ती झूल हुंगायला पुढं होईल म्हणून तो बाजूला सरला.

मैनानं झुलीकडं पाहिलंसुद्धा नाही. आता तिचा त्या वासावर विश्वास उरला नव्हता.