मंगळवारचं पाणी

ईस्टरच्या सोमवारी तेरका पहाटेच उठली. अंडी आदल्या दिवशीच कांद्याच्या सालीत उकळून लालभडक केली होती, त्यांवर सुरीच्या टोकाने फुलं कोरली होती. टेबलावर खारवलेलं मांस, किसलेला झणझणीत मुळा, वेणीसारखा गोड पाव आणि प्लमच्या दारूची बाटली मांडली. ठेवणीतला एप्रन बांधला, फाटक सताड उघडं ठेवलं आणि ती खिडकीशी बसली.

आमच्या गावात या दिवशी पुरुष घरोघर जाऊन बायकांवर पाणी शिंपडतात. तेरका तरुण होती तेव्हा पोरं मुलींना ओढत विहिरीवर न्यायची आणि बादलीच अंगावर रिकामी करायची. जी कोरडी राहिली ती वर्षभर कोमेजली, असं म्हणायचे. आता पोरं ऑस्ट्रियात, जर्मनीत. वरच्या आळीतल्या बहुतेक घरांना कुलपं आहेत. तेरकाचा नवरा जाऊनही बराच काळ लोटला.

दुपारपर्यंत फाटकातून फक्त शेजारचं मांजर आलं.

ऑस्ट्रियातल्या ग्राझहून मुलीचा फोन आला. "आई, आलं का कुणी पाणी शिंपडायला?"

"आलं ना. आंब्रुश येऊन गेला."

"आंब्रुशकाका? अगं, हिवाळ्यात त्यांना झटका आला, पाय उचलत नाही, असं तूच सांगितलंस ना?"

तेरकाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी यायला हवं होतं गं आई."

"तू येऊन काय करणार? शिंपडायचं पुरुषांनी," तेरका म्हणाली आणि घाईघाईने पावाबद्दल बोलू लागली.

फोन ठेवल्यावर तिने फाटक लावलं. एक अंडं सोललं आणि अर्धंच खाऊन ठेवलं. खोटं बोलताना नेमकं आंब्रुशचं नाव तोंडात का आलं, हेच तिला कळेना. लहानपणी दोघं एका बाकावर शिकलेली. दरवर्षी या सोमवारी तो टोपी घालून यायचा, शिंपडतानाचं तेच जुनं कवन म्हणायचा, एक पेला रिचवायचा आणि निघायचा. बाकी वर्षभर रस्त्यात भेटले तर हवापाण्याचं बोलणं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आईचं बोलणं आठवलं. मंगळवार बायकांचा. सोमवारी भिजलेल्या बायका मंगळवारी पुरुषांना भिजवायच्या. तेरकाने स्वतः कधी केलं नव्हतं. तिने एनॅमलचा जग भरला, वर फडकं झाकलं आणि ती उतारावरून खालच्या आळीला निघाली. कुठे निघालीस म्हणून विचारायला रस्त्यात कुणी नव्हतंच.

आंब्रुश अंगणात अक्रोडाखाली खुर्चीत बसला होता. गुडघ्यांवर घोंगडी.

"काय गं, दूध आणलंस?" त्याचे शब्द एका बाजूने घसरत होते.

"दूध कसलं! आज वार कुठला?"

"मंगळवार. मग?"

तिने जग त्याच्या डोक्यावर उपडा केला.

"अगं ए बये! मारतेस का काय!" तो ओरडला. मिशांतून पाणी गळू लागलं. "गार पडलो ना मी!"

"काल कुठे होतास? दिवसभर फाटक उघडं ठेवून बसले होते मी."

त्याने तोंडावरचं पाणी निपटलं. मग चांगल्या हाताने त्याने फाटकाकडे बोट केलं. "तिथे. टोपी घातली, सुगंधी पाण्याची बाटली खिशात घेतली, तिथवर पोचलो. पुढे पायच चालेना. म्हटलं, कुणी बाई समोरून जाईल, इथूनच शिंपडू. माझं जेवण घेऊन येणारी कामाची मुलगीसुद्धा सुट्टीवर. कुणीच गेलं नाही गं तेरके."

तेरकाने एप्रनने त्याचं डोकं पुसलं, मान पुसली. त्याच्या खिशात ती सुगंधी पाण्याची बाटली अजून होती.

"म्हण की कवन," ती म्हणाली.

दोन ओळी नीट आल्या. तिसरी आठवेना. तो चडफडला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडला.

"असू दे रे. शिंपड."

त्याचा हात वर जाईना म्हणून ती खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि मान खाली घातली. ते थेंब कॉलरमधून पाठीवर ओघळले. कुणाचा तरी हात आपल्या केसांना लागला, याचंच तिला रडू आलं. आंब्रुश पुटपुटला, "वार चुकला आपला." दोघंही हसली.

नंतर ती बरेचदा सूप घेऊन जायची. फार बोलणं व्हायचं नाही. गव्हाची कापणी सुरू झाली तेव्हा आंब्रुशचा मुलगा आला आणि बापाला शहरातल्या वृद्धाश्रमात घेऊन निघाला. गाडी तेरकाच्या दाराशी थांबली. काच खाली झाली, पण आंब्रुशचे ओठ नुसतेच हलले.

"जा बाबा," तेरका म्हणाली. "तिकडे माणसं तरी असतील."

गाडी वळणाआड गेली. तेरका आत आली, स्वयंपाकघरातला रेडिओ लावला आणि आवाज खूप मोठा केला.